काट्यावरची बाळंतीण

गेल्या वर्षी नाथषष्ठीची यात्रा पांगली, गोदावरीच्या वाळवंटातल्या राहुट्या उठल्या आणि पैठण गाव जरा मोकळे झाले. त्याच आठवड्यात आमच्या घरी बारसे होते. माझी थोरली बहीण आज हयात नाही; तेव्हा तिच्या लेकीचे पहिले बाळंतपण मावशीने करायचे, हे ओघानेच आले.

बायका आल्या. टोपडी, अंगडी, वाळे, ज्याच्या ऐपतीत जे होते ते घेऊन आल्या. पाळण्याशी वाकून म्हणाल्या, "अगं माय, बाळसं धरायला लागली की चिमणी!" आणि मग पाठ सरळ करून बाळंतिणीकडे वळल्या. "आणि तू गं? लई सुटलीस की! आवर बाई आता, नाहीतर माझ्यासारखी गोणी होशील." दुसरी म्हणाली, "पोट तर अजून तसंच दिसतंय. आत एखादं राहिलं की काय?" सगळ्या हसल्या. भाचीही हसली. पण मी तिच्याकडेच पाहत होते. तिने पदर ओढून पोटावर घेतला, आणि ताटातला डिंकाचा लाडू हळूच कडेला सारला.

मास्तरीण असल्यामुळे मला मोजण्याची खोड आहे. त्या दुपारी नऊ जणींनी तिच्या वजनावर बोट ठेवले. "जेवलीस का गं लेकी?" असे एकीनेच विचारले, ती बांगड्या भरायला आलेली म्हातारी कासारीण.

मुलाने अंग धरले की आपण त्याला बाळसे म्हणतो आणि दृष्ट काढतो. आईने अंग धरले की चरबी म्हणतो आणि दृष्ट लावतो. माझे भांडण आहे ते याच्याशी. दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट पुढे असताना, भांडण उकरून काढणे बरे नव्हे हे मला कळते. पण दिवाळीतच घरोघर माहेरवाशिणी येतात. त्यांत नुकत्या उठलेल्या बाळंतिणीही असतात. आणि हीच वाक्ये त्यांना पुन्हा ऐकून घ्यावी लागतात. तेव्हा भांडायचे तर याच मुहूर्तावर.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी कादंबऱ्या लिहिते आणि पोटासाठी लहान मुलांना अक्षरे गिरवायला शिकवते. शिक्षण मॅट्रिक. डॉक्टर नव्हे. पण माझी स्वतःची दोन बाळंतपणे झाली, दुसऱ्यांची चार मी केली, आणि जे कळले नाही ते विचारून घेतले. एवढ्या भांडवलावर बोलते आहे.

तर त्या भाचीची पुढची हकीकत ऐका. सव्वा महिना झाला आणि तिच्या नवऱ्याने पार्सलने एक वस्तू धाडली. मला वाटले, बाळाचे खेळणे असेल. निघाला एक काचेचा चपटा वजनकाटा. उन्हाळ्यात नणंदेचे लग्न होते, फोटो निघायचे होते, सासरच्या मंडळींची फोनवर रोज पृच्छा होती, "किती उतरलं?" मुलगा वाईट नव्हे हो. त्याला वाटले, बायकोला मदत करतो आहे. वाईट हेतूने कोणीच बोलत नाही. हीच या प्रकरणातली अडचण आहे. शत्रू समोर दिसला असता तर भांडण सोपे झाले असते.

लग्नाआधी ती ५४ किलो होती. बाळंत व्हायच्या दिवशी ६७. घरी आली तेव्हा साडेएकसष्ट, सव्वा महिन्याला ६०. आता तिला ५४ व्हायचे होते, आणि तेही लग्नाच्या तारखेच्या आत. सकाळी लिंबूपाणी, दुपारी अर्धी भाकरी, रात्री काकडी. मोबाइलवर कोणा नटीचा फोटो: मूल दोन महिन्यांचे आणि कंबर मुठीत मावेल अशी. मी ओरडले की म्हणायची, "मावशी, अंगावर पाजलं की वजन उतरतं म्हणतात ना? मग माझं का उतरत नाही? माझ्यातच काही खोट असेल." अडीच महिने झाले असतील, एका सकाळी ती न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडली. दैवाने बाळ तेव्हा पाळण्यात होते.

पोर त्या दिवशी फार रडली. लगेच फोनवरून निदान झाले: दूध पुरत नसेल, वरच्या दुधाचा डबा आणा. पाहिलेत ना, कसा रस्ता आखलेला असतो! आधी आईला उपाशी ठेवायचे, मग ती पडली की घाबरवायचे, आणि घाबरली की डबा आणायचा. बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी घातली. पण कंपनीने कशाला जाहिरात करावी? ती आपल्याच ओसरीवर फुकट होते.

आम्ही दोघींना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधी बाळाला तोलले. जन्मताना २ किलो ९०० ग्रॅम होती, ती ५ किलो १०० भरली. मग आईचे रक्त पाहिले. हिमोग्लोबिन नऊ. बाई म्हणाल्या, "मुलीला काही कमी पडलेलं नाही. जे कमी पडलंय ते आईला. ती स्वतःतून काढून देत होती." आणि मग त्यांनी कागद पुढे ओढून जो हिशेब मांडला, तो मी जन्मात विसरणार नाही. आपल्या शाळांत नफातोटा शिकवतात; हा हिशेब कोणी का शिकवत नाही?

गरोदरपणात निरोगी बाईचे वजन साधारण १२ किलोने वाढते. त्यात बाळ तीनएक किलोचे. वार आणि पाणी मिळून दीडएक किलो. वाढलेले गर्भाशय, भरलेली छाती, वाढलेले रक्त आणि अंगातले पाणी यांचे आणखी चारएक किलो. उरते ती साडेतीन-चार किलो चरबी. बाळ, वार, पाणी हे त्याच दिवशी जाते. म्हणून पाच-सहा किलो एकदम उतरतात. गर्भाशय पूर्ववत व्हायला सहा आठवडे घेते. तोवर पोट पुढे दिसणारच, आत कोणी राहिलेले नसते! आणि ती उरलेली चरबी? ती आळसाची नव्हे, खादाडपणाचीही नव्हे. शरीराने नऊ महिने जपून भरलेली ती कणगी आहे. कशासाठी? दुधासाठी.

दूध रोज पाऊण लिटरच्या आसपास येते. ते घडवायला शरीराचे साडेसहाशेच्या वर उष्मांक खर्ची पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्याने सांगायचे, तर पहिल्या सहा महिन्यांत रोज ६७५. अंगाने धड असलेल्या बाईची ती कणगी त्यांतले १७० उष्मांक पुरवते. उरलेले पाचशे ताटातूनच यावे लागतात. आपल्याकडची वैद्यक संशोधन परिषद पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० उष्मांक जादा सांगते. म्हणजे नेहमीच्या जेवणावर दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि वर चमचाभर तूप, असे अंदाजाने धरा.

आता गंमत पाहा. रोज १७० उष्मांक कणगीतून गेले, तर महिन्याला किती वजन उतरेल? पाऊण ते आठशे ग्रॅम. सगळे सुरळीत असताना, पोटभर खाणाऱ्या, नीट झोपणाऱ्या बाईचे! चार किलोंना पाच महिने. आणि आपण मागतो सहा किलो, लग्नाच्या मुहूर्ताच्या आत. आमच्या पैठणीच्या मागावर एक चांगला पदर विणायचा तर कारागीर महिने मागून घेतो. त्याला कोणी म्हणत नाही, "परवा फोटो आहे, उरक." पैठणीला जो वेळ देतो तो बाईला देववत नाही.

मी गावाशेजारचा दाखला देते. आमचे जायकवाडीचे धरण. पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली ते पुरे झाले. केवढा नाथसागर! दोन अंगांनी दोन कालवे मराठवाड्याला पाणी पाजत जातात. पण इथे पाऊस पडून तो सागर भरत नाही. वर नाशिक-नगरकडे पडले आणि खाली सोडले, तर भरतो. वरून थेंब येऊ द्यायचा नाही आणि खालचे कालवे मात्र तुडुंब वाहिले पाहिजेत, असे म्हणणारा माणूस आम्हां पैठणकरांना वेडाच वाटेल. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? बाळंतिणीच्या बाबतीत मात्र घरोघरचे शहाणे हेच म्हणतात.

फरक एवढाच, की आईचा आड सहजासहजी आटत नाही. डॉ. सी. गोपालन यांनी गरीब भारतीय स्त्रियांच्या दुधाचा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध केला. अर्धपोटी राहणाऱ्या बायासुद्धा महिनोन्महिने पाजत होत्या. हे वाचून पुष्कळांना आनंद होतो: पाहा निसर्गाची किमया! मला आनंद होत नाही. किमया कसली? फेड कोणीतरी करीतच असते. ती स्वतःच्या अंगावरच्या मासातून आणि रक्तातून करते. मूल गुटगुटीत दिसते, म्हणून घराला वाटते, सगळे ठीक आहे.

आता त्या गोड थापेकडे वळते: "अंगावर पाज म्हणजे बारीक होशील." ही थाप मारणारे चांगले लोक आहेत. मुलाला आईचे दूध मिळावे म्हणून ते हे आमिष दाखवतात. पण आमिष ते आमिष. बेलारूस देशात १९९६-९७ साली ३१ प्रसूतिगृहांत १७ हजारांवर माता-बालकांचा मोठा प्रयोग झाला. निम्म्या ठिकाणी अंगावर पाजण्याला विशेष उत्तेजन दिले. तिथे बाया खरोखरच अधिक दिवस पाजू लागल्या. साडेअकरा वर्षांनी त्या आयांची वजने घेतली, तर दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या पाहणीत पाजणाऱ्यांचे वजन थोडे अधिक उतरलेले दिसले, हेही खरे. म्हणजे कोणाचे उतरते, कोणाचे थांबते; पाजणाऱ्या बाईची भूकही वाढते, झोप तुटते, आणि प्रत्येकीचे अंग आपल्या चालीने चालते. हे सरळ सांगायला काय हरकत आहे? थाप ऐकून बसलेल्या बाईचे वजन उतरले नाही, की ती दुधाला दोष देते किंवा स्वतःला. माझ्या भाचीने दिला तसा. आणि मग ती एक तर पाजणे सोडते, नाहीतर खाणे.

अंगावर पाजायचे ते मुलाला हवे म्हणून. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको. मग वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे आणि पुढेही पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईलाही फायदा आहेच: स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा, मधुमेहाचा धोका कमी होतो. एवढे खरे मोल असताना कमरेच्या मापाचे खोटे मोल कशाला लावायचे? आणि जिला काही कारणाने पाजता येत नाही, तिच्यावर दात धरायचा नाही, हेही याच श्वासात सांगते.

माझ्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. बाळंतिणीने वजनाकडे पाहूच नये, असे मी म्हणत नाही. जिला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, जी आधीपासूनच फार स्थूल आहे, तिच्यासाठी तो डॉक्टरशी बोलण्याचा विषय आहे. अमेरिकेत २००० साली अशाच ४० स्थूल मातांवर प्रयोग झाला. बाळ महिन्याचे झाल्यावर दहा आठवडे खाण्यात माफक काटछाट आणि आठवड्यातून चार दिवस व्यायाम. आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरले, आणि बाळांच्या वाढीत उणे पडले नाही. तेव्हा बेताने, पोटभर आणि विचारून करायला ना नाही. माझी ना आहे ती बारशातल्या चर्चेला आणि पार्सलच्या काट्याला.

इथे काही आजीबाई माना डोलवत असतील: "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." आजी, आता तुमच्याशीही दोन शब्द. बाळंतिणीला सव्वा महिना निजवून ठेवण्याची, शेकशेगडीची, आळिवाच्या खिरीची, शेपूच्या भाजीची, डिंकाच्या लाडवांची तुमची रीत मला प्रिय आहे. तीन लाडवांत सहाशे उष्मांक सहज बसतात. हिशेब न शिकता तुम्ही तो बरोबर बसवलात. त्याहून मोलाचे म्हणजे तुम्ही तिला काम लावले नाही. पण घोटभर पाणी मागणाऱ्या बाळंतिणीला "पाण्यानं पोट सुटतं" म्हणून तहानेली ठेवणारेही तुमचेच घर होते. दूध हे बहुतेक पाणीच असते; ते पाण्यावाचून कसे व्हावे? घट्ट पट्ट्याने पोट आवळले की चरबी वितळते, हेही तुमचेच. गाईचा चीक आपण वेलची घालून खरवस करतो आणि शेजारी वाटीभर पाठवतो. आईचा पहिला चीक मात्र पिळून टाकतो आणि बाळाच्या जिभेवर मध लावतो. गाईच्या वासराला जे अमृत, ते आपल्या नातवाला विष कसे झाले? पहिल्या तासात बाळाला छातीशी लावावे, असे सांगून सांगून डॉक्टर थकले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते शंभरांतल्या ४१.८ बाळांच्याच वाट्याला आल्याचे निघाले.

तेव्हा जुने चांगले आणि नवे वाईट, असा माझा निवाडा नाही. जुन्या घराने बाईला दुधाची हंडी समजून भरले. नवे घर तिला भिंतीवरची तसबीर समजून घासते. तहान, भूक, झोप तिची. पण विचारायचे दुसऱ्या कोणाला तरी.

आता ज्या प्रसंगाने हा लेख लिहायला लावले, तो सांगते.

चक्कर येऊन पडल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका पोराची आई भेटायला आली. ऊसतोडीहून नुकती परतली होती. पाठीशी झोळीत तीन-साडेतीन महिन्यांचे मूल. तिकडेच, उसाच्या फडाजवळच्या कोपीत झालेले. ओसरीवर बसून तिने निःसंकोच मुलाला पदराखाली घेतले. बोलता बोलता तिला तो काचेचा काटा दिसला. "हे काय हो बाई?" मी सांगितले. मूल भाचीच्या मांडीवर देऊन ती हौसेने त्यावर उभी राहिली. आकडा आला ३९.

"किती हाय?"

"एकोणचाळीस."

"मंग ह्ये चांगलं म्हणायचं का वंगाळ?"

मला उत्तर देता येईना. ती स्वतःच हसून म्हणाली, "पोरगं झाल्यावर बाराव्या दिशी मोळ्या उचलाया लागले. पाजाया बसलं की कोयता मागं राहतो, मुकादम बोलतो. दूध हाय माय अजून. त्यो पितो तवर हाय."

भाची मांडीवरच्या त्या मुलाकडे पाहत होती. एकीच्या घरात डबे भरलेले आणि ती पोटाला चिमटा घेत होती. दुसरी वजन वाढावे अशी प्रार्थना करील, तर तिच्या डब्यात पीठ नव्हते. दोघींची मुले मात्र त्यांच्या रक्तावर वाढत होती. त्या दुपारी आम्ही तिघी एका पंगतीला जेवलो. भाचीने दुसरी भाकरी मागून घेतली. मी काही बोलले नाही. डोळे पुसले ते कांद्याच्या नावावर.

त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांत वाजवीपेक्षा जाड निघाल्या शंभरांत २४. वाजवीपेक्षा रोड निघाल्या १८.७, आणि रक्त कमी असलेल्या निघाल्या ५७. त्या सत्तावन्नांत जाड्याही आल्या आणि रोडही आल्या. कंबर दिसते म्हणून तिच्यावर गावभर बोलणे होते. रक्त दिसत नाही, म्हणून त्यावर कोणी अवाक्षर काढीत नाही. अंगणवाडीतल्या काट्यावर महिन्याच्या महिन्याला बाळ चढते. त्याच दिवशी आईलाही एकदा चढवावे, तिची कंबर बघायला नव्हे, ती किती झिजली ते बघायला, एवढी माझी मागणी आहे. काट्याशी माझे वैर नाही. तो कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी आहे, त्याशी आहे.

कायदे नाहीत काय? आहेत. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरीतल्या आईला, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुटी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि पाजत्या मातेला, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत, अंगणवाडीतून मोफत आहार लिहून ठेवला. एस.टी.च्या स्थानकांवर हिरकणी कक्ष आले. पण कायदा दारापर्यंत येतो, आत येत नाही. माझी थोरली मुलगी चार महिन्यांची असताना मी ज्या बालवाडीत शिकवीत असे, तिथे मोडक्या बाकांच्या कोठीत बसून मी तिला पाजले आहे. आणि त्या पाव तासाबद्दल अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेतला आहे. कापणारे गृहस्थ मातृदिनाला सुरेख भाषण करीत. फडावरच्या बाईला तर पगार नाही, रजा नाही, कोठीसुद्धा नाही.

हिरकणीची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. रायगडाचे दरवाजे मिटले, तान्हे पायथ्याशी घरी, म्हणून ती गवळण अंधारात कडा उतरली. मुले टाळ्या वाजवतात. गेल्या वर्षी एका पोराने विचारले, "बाई, तिला दार का नाही उघडून दिलं?" मी गप्प झाले. आपण त्या माउलीच्या नावाचा बुरूज दाखवतो. दार उघडायचे आपल्याला सुचत नाही.

आमच्या नाथमहाराजांचीही अशीच एक गोष्ट आहे. भर उन्हात, तापलेल्या वाळवंटात एक पोर रडत होते. सोवळ्याओवळ्याचा विचार न करता नाथांनी ते कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोचवले. अनेक शतके पैठण ही गोष्ट अभिमानाने सांगत आले. लहानपणापासून मी ऐकत आले. पण माझी मुलगी त्या कोठीत रडली, तेव्हा प्रथमच माझ्या मनात आले: त्या पोराची आई कुठे होती? बहुधा कुठेतरी राबत असणार, पाण्याला गेलेली असणार. नाथांनी ना पोराला तोलले, ना त्याच्या आईला बोल लावला. उचलले, आणि घरी नेले. त्यांच्या गावात राहून मला एवढेच सांगायचे आहे. उचला. तोलू नका.

उचलायचे म्हणजे काय, तेही रोकडे सांगते, पाल्हाळ नको. घरात पाजती आई असेल तर तिचे ताट आधी वाढा; मागाहून उरलेले नको. ती पाजायला बसली की पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. रात्रीचे एक रडणे बापाने सांभाळावे. दूध पाजता येत नसले तरी खांद्यावर घेऊन फेऱ्या मारता येतात, लंगोट बदलता येतो. रक्त तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या चुकवू देऊ नका. ती सारखी रडत असेल, कशात मन लागत नसेल, तर "नखरे" म्हणू नका. तोही बाळंतपणातला आजार असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या घरी, शेतावर, दुकानात कामाला येणारी बाई पाजती असेल, तर तिला पाव तास द्या, त्याचे पैसे कापू नका.

माझी भाची पुढे श्रावणात सासरी गेली. नणंदेच्या लग्नात तिचे फोटो निघाले. ती त्यांत गोल दिसते आणि हसते आहे. मूल वर्षाचे झाले तेव्हा ती ५६ वर होती. ते वरचे दोन किलो अजून गेलेले नाहीत. जातील किंवा राहतील. पोरगी आता घरभर धावते, आणि आई तिच्या मागे धावू शकते, याहून अधिक त्या शरीराकडून कोणी काय मागावे? जावयांनी मात्र परवा फोनवर स्वतःहून विचारले, "मावशी, आळिवाचे लाडू कसे करतात?" तेवढ्यावर मी त्यांना माफ केले आहे.

तो काचेचा काटा माझ्याकडेच राहिला. दिवाळीच्या साफसफाईत रद्दी काढली, की रद्दीवाल्याचे माप बरोबर आहे की नाही, ते मी त्यावर पडताळून पाहते. त्या कामाला तो फार चांगला आहे.

भाऊबीजेला तुमच्या घरी बहीण येईल. कडेवर तान्हे असेल, डोळ्यांखाली काळे असेल, पोलका घट्ट झालेला असेल. ओवाळणीत काय घालायचे ते घाला. पण तिला उंबऱ्यात पाहताच तोंडून पहिले वाक्य निघेल ना, ते त्या म्हाताऱ्या कासारणीचे निघू द्या. "जेवलीस का गं?" एवढे पुरे आहे.